त्रेसष्ट घड्याळे आणि एक सुळा

गुणाजी धुरी यांच्या घरात त्रेसष्ट घड्याळे आहेत, पण किती वाजले हे ते बायकोला विचारतात. त्रेसष्ट घड्याळे म्हटली की चार-पाच मिनिटे इकडेतिकडे होणारच, आणि त्यातले एक खरे धरून बाकीची खोटी ठरवणे त्यांना पटत नाही. शेवंतीवहिनी स्वयंपाकघरातून मोबाइल बघून सांगतात, "साडेनव झाले. आणि तुमच्या त्या त्रेसष्ट भावांका विचारा की. माझे दीरच मगे ते."

मी गुणाजींना एकवीस वर्षे ओळखतो. त्यांची गिरणी बंद पडल्यावर ते आमच्या विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये कंत्राटी कामाला लागले. मी तेव्हा क्लेम्स खात्यात होतो. जुनी फाइल मागितली की गुणाजी दहा मिनिटांत आणून देत, आणि देताना माझ्या ओठांकडे बघत. आधी मला ते विचित्र वाटे. नंतर कळले की ते पंचवीस वर्षे साच्यांवर, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. तिथे एका वेळी शेकडो माग चालत. कानाशी येऊन ओरडले तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओठ वाचून बोलत. मागांनी गुणाजींचे दोन्ही कान बरेचसे नेले आणि ओठ वाचण्याची सवय ठेवली. तिचा एक फायदा त्यांनी पुढे आयुष्यभर घेतला. नको असलेले बोलणे आले की ते खाली बघतात.

ते साच्यांवर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे मुकादम, होते. मागाचे कुठले बेअरिंग बिघडते आहे हे त्या गोंगाटात कानाने कळणे शक्य नव्हते. जॉबर लोक स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवत आणि मूठ दातांत धरत. आवाज दातातून डोक्यात येई. घड्याळांच्या बाबतीत गुणाजींनी हीच रीत ठेवली. घड्याळ उजव्या सुळ्याला लावायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. तो सुळा गेली चार वर्षे हलतो आहे. दातांचे डॉक्टर काढायचा म्हणतात, आणि त्यांच्या दवाखान्यातही गुणाजी खाली बघतात.

घड्याळे त्यांनी विकत घेऊन जमवली, पण हौसेने दुकाने हिंडून नव्हे. त्यांच्या गिरणीत पंचवीस वर्षे नोकरी झाली की चावीचे मनगटी घड्याळ मिळत असे. मागच्या झाकणावर नाव आणि बिल्ला नंबर कोरलेला असे. संपानंतर, आणि पुढे गिरणी कायमची बंद झाल्यावर, लोकांनी घरातले जे जे विकता येईल ते विकले. बाबुराव म्हणून त्यांच्या पाळीचे एक वयस्क विणकर होते. ते घड्याळ घेऊन चोरबाजाराकडे निघाले असताना गुणाजींनी त्यांना नाक्यावर अडवले आणि ते स्वतः घेतले.

मी एकदा विचारले, "दया आली म्हणून घेतलंत?"

"दया कसली? त्याच्या नावाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात बघून माझा हात त्याच्या मनगटाकडे गेला असता. मारामारी झाली असती."

मग गोष्ट पसरली आणि माणसे आपणहून येऊ लागली. चिंचपोकळीच्या एका घड्याळजीकडे बसून गुणाजी दुरुस्ती शिकले. लालबागची त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. तिथे बाहेरच्या खोलीतल्या एकुलत्या एक मोकळ्या भिंतीवर प्लायवूडचा फळा आहे आणि फळ्यावर त्रेसष्ट खिळे. रोज सकाळी आठ वाजता गुणाजी ओळीने चावी देतात. आठवड्यातून एकदा एकेक घड्याळ सुळ्याला लावतात आणि हजेरी घेतल्यासारखे बोलतात. "धम्मपाल ठीक. बाबुराव आज दमलाय."

शेवंतीवहिनींना ती भिंत कपाटासाठी हवी आहे. टॉवरमध्ये आल्यापासून त्यांचे कपडे पलंगाखालच्या दोन ट्रंकांत आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना आता वाकवत नाही. ही गोष्ट त्या मला दर भेटीत सांगतात, कारण माझ्यासमोर सांगितली तर गुणाजींना वर बघावे लागते.

गेल्या होळीच्या सुमारास घड्याळे गप्प झाली. म्हणजे ती चालत होती. काटे फिरत होते, वेळही बरी दाखवत होती. पण सुळ्याला लावल्यावर पूर्वीसारखा आवाज येईना. आधी दोनचारांचा गेला, मग महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांचा. गुणाजी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढे ऐकू येते तेच पुष्कळ आहे.

एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतले. जमिनीवर त्रेसष्ट तपकिरी लिफाफे मांडले होते. प्रत्येकावर नाव आणि पत्ता, बरेचसे डोंबिवली, बदलापूर आणि गावाकडचे.

"सायेब, दोनच गोष्टी असू शकतात," ते म्हणाले. "एक तर घड्याळं थकली, नाही तर मी. मी थकलो असेन तर संपलं. जे ऐकू येत नाही ते सांभाळता येत नाही. ज्याचं त्याच्या घरी पोचतं करायचं. पोरं असतील, नातवंडं असतील, बघतील काय ते."

"आणि घड्याळं थकली असतील तर?"

ते खाली बघू लागले.

खरे म्हणजे हे ठरवायला एक नवे चावीचे घड्याळ पुरले असते. पण आमच्या ओळखीत सगळ्यांकडे सेलची घड्याळे. साधे दुकानातले नवे घड्याळ गुणाजींना चालणार नव्हते. त्यात आवाज आला नाही तर पुन्हा शंका उरणार, की खोट घड्याळात की माझ्यात. त्यांना असे घड्याळ हवे होते ज्यात खोट काढायला जागाच नाही. असे कोण करते हेही त्यांना ठाऊक होते. स्वित्झर्लंडमधली एक फार जुनी कंपनी आहे. तिचे नाव मी लिहीत नाही, त्यांना माझ्या जाहिरातीची गरज नाही. रेकॉर्ड रूमच्या रद्दीत येणाऱ्या परदेशी मासिकांतून गुणाजींनी वीस वर्षे तिच्या जाहिराती कापून वहीत चिकटवल्या होत्या. त्या कंपनीचे एकही घड्याळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले नव्हते.

पुढचे काम त्यांच्या मुलीने केले. मेघना एका खाजगी बँकेत आहे. कंपनीची नवी घड्याळे मुंबईत संग्राहकांना खाजगीत दाखवणार आहेत, हे तिने मोबाइलवर वाचले आणि वडिलांच्या नावाने अर्ज भरला. सगळे खरे भरले. संग्रहात घड्याळे किती? त्रेसष्ट. सर्वांत जुने कधीचे? एकोणीसशे एकावन्न. संग्रहाला काही विषय आहे का? आहे, एकाच गिरणीतल्या कामगारांची सेवागौरव घड्याळे. व्यवसायाचा रकाना नव्हता. चार दिवसांत उत्तर आले. गुरुवारी दुपारी चार वाजता अर्धा तास, सोबत एक पाहुणा.

"भावजी, तुम्हीच जावा," शेवंतीवहिनी मला म्हणाल्या. "तुमका इंग्लिश येता. आणि ह्यांका सांगा, लोकांची वस्तू तोंडात घालू नको म्हणान."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत, रजा पुष्कळ शिल्लक आहे आणि आता ती कशासाठी ठेवायची हे समजत नाही. करी रोडच्या पुलाखाली आम्ही भेटलो. मे महिना होता. गुणाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मनगटावर बाबुरावांचे घड्याळ. परळच्या त्या हॉटेलपर्यंत टॅक्सी करू म्हटले तर ऐकेनात. चालत गेलो. दोनदा बसलो, एकदा बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा बसस्टॉपवर. त्या भागात पूर्वी नुसत्या गिरण्या होत्या आणि आता काचेच्या इमारती आहेत. मी त्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडले.

"नको," गुणाजी म्हणाले. "टीव्हीवाले पण तेच विचारून गेले. गिरणीच्या जागेवर मॉल बघून काय वाटतं? काय वाटणार? पाय दुखतात."

बसस्टॉपवर त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना खाली बघितले नाही. "सायेब, खरं सांगू? मी थकलो असेन तर बरं. रोज सकाळी त्रेसष्ट चाव्या. बोटांची सालं जातात. गावाला दोन दिवस राहता येत नाही. कान गेले असतील तर कुणी म्हणणार नाही, गुणाजीनं सोडलं. आपोआप सुटलं असं होईल."

"मग आजच सोडा. परीक्षा कशाला?"

"ऐकू येत असताना सोडलं तर बाबुरावला काय सांगू?"

बाबुराव जाऊन अकरा वर्षे झाली आहेत.

हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर एका खोलीत गालिचा इतका जाड होता की गुणाजी जपून पावले टाकू लागले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने यादीत नाव पाहिले, मग आमच्याकडे, मग परत यादीत. आत एक तरुण मुलगी काळे हातमोजे घालून उभी होती. छातीवरच्या पट्टीवर मधुरा असे नाव होते. तिने इंग्रजीत स्वागत केले. गुणाजी तिच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना ओठ वाचता येतात, पण मराठी बोलणारे ओठ. तेव्हा ती बोले आणि मी बाजूला उभा राहून तेच मराठीत, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सांगे. दोन-तीन वाक्ये झाल्यावर ती थांबली.

"सॉरी सर, व्हॉट आर यू सेइंग? आय कान्ट हिअर यू."

"मी काही म्हणतच नाही," मी मराठीत सांगितले. "यांना ऐकू कमी येतं. ओठ बघून कळतं, पण मराठीच."

"अहो मग आधी नाही का सांगायचं! प्रभादेवीची आहे मी. सकाळपासून इंग्लिश बोलून जबडा दुखला माझा." तिने मागे वळून काचेच्या केबिनकडे पाहिले आणि गुणाजींसमोर येऊन उभी राहिली. "काका, इकडे बघा. चहा घेणार की ते फेसाचं?"

"चहा."

चहा पितळी काठाच्या कपात आला. मग तिने ट्रे आणला. त्यात पाच घड्याळे होती. एक चंद्राच्या कला दाखवणारे, एक बटण दाबले की वाजून वेळ सांगणारे, एक नाण्याइतके पातळ. गुणाजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावले आणि पातळ घड्याळ उलटे करायला सांगितले. मागची बाजू काचेची होती. त्यांनी इतका वेळ भिंग हलवले नाही की मधुराने मला खुणेने विचारले, काका ठीक आहेत ना?

"सायेब, हे बघा," शेवटी ते म्हणाले. मला भिंगातून चकचकीत चाकांशिवाय काही कळले नाही. "त्या पट्टीच्या खालची कड. झाकली जाते ती. कुणाला कधी दिसणार नाही. तिथे पण हातानं घासलीय." मग स्वतःशीच म्हणाले, "वहीत हे दिसत नव्हतं."

त्यांनी पाचही घड्याळे पाहिली, सावकाश, मधेमधे चष्मा पुसून. किंमत विचारली नाही. एकच प्रश्न विचारला. "हे किती वर्षांनी उघडायचं, बाई?"

"सर्व्हिसिंग? पाच-सहा वर्षांनी काका. चालतंय असं वाटलं तरी आणावंच लागतं. आत तेल सुकतं."

"एवढ्या भारी घड्याळात पण?"

"तेल ते तेलच ना काका."

गुणाजींनी मान हलवली. मग कप खाली ठेवला, आणि मला कळले की वेळ आली.

"बाई, एक विनंती आहे. मी दाताला लावून ऐकतो. हे पातळ ऐकलं तर चालेल?"

मधुराला वाटले तिनेच काही चुकीचे ऐकले. मी समजावून सांगितले, गिरणी, माग, स्क्रूड्रायव्हर, सगळे. ती हसली नाही. केबिनमध्ये जाऊन आली आणि तिच्यामागून सूट घातलेला मॅनेजर आला. तो हात जोडून म्हणाला की सर, आम्हाला तुमच्या संग्रहाबद्दल फार आदर आहे, पण तोंडाचा स्पर्श शक्य नाही, हायजिन आहे, आणि इन्शुरन्सचाही प्रश्न आहे. तीस वर्षे विम्यात मी स्वतः हेच वाक्य लोकांना ऐकवले होते. गुणाजींनी खिशात हात घातला आणि घड्याळजीचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. दारावरचा रक्षक दोन पावले पुढे आला.

"मेटल नको, प्लीज," मॅनेजर म्हणाला.

माझ्या शर्टाच्या खिशात पेन्सिल असते. ऑफिसात कुठलीही खूण मी आधी पेन्सिलने करतो, मग शाईने. ती मी काढली आणि विचारले, "लाकूड चालेल?"

मॅनेजरने पेन्सिलीकडे पाहिले. लाकडाबद्दल त्याला काही सांगितलेले नसावे. मधुराने चटकन घड्याळ उचलले, दोन्ही हातांनी धरले आणि म्हणाली, "मी धरते सर. हळू लावा, काका." पेन्सिलीचे सपाट टोक कडेला टेकले. दुसरे टोक गुणाजींनी हलत्या सुळ्यावर घेतले आणि डोळे मिटले.

मी मधुराच्या हातांकडे बघत होतो. ती श्वास रोखून उभी होती. एसीचा आवाज येत होता. गुणाजींचा चेहरा एकदम सैल पडला. मला वाटले, संपले, काही आले नाही. आणि खरे सांगतो, मला हायसे वाटले. लिफाफे पोस्टात टाकायचे, भिंतीवर कपाट लावायचे, सकाळी आठला उठून बसायचे नाही.

मग काउंटरच्या काचेवर त्यांचे बोट हलू लागले. नुसते टोक, शिलाई मशीनच्या सुईसारखे भरभर. बाबुरावांच्या घड्याळाचे ठोके यापेक्षा सावकाश पडतात, त्यामुळे ही जुनी आठवण नव्हती. ते समोरच्या घड्याळाबरोबर चालले होते. मिनिटभर ते तसेच राहिले. पेन्सिल तोंडातून काढली, रुमालाने पुसली आणि म्हणाले, "आठ ठोके. सेकंदाला आठ."

"बरोब्बर, काका!" मधुरा म्हणाली. "आठच आहेत. कसं वाटलं?"

"पहिल्या पाळीला सगळे साचे एकदम सुरू झाल्यासारखं," ते म्हणाले. तिचे आभार मानले, मॅनेजरला नमस्कार केला आणि दाराजवळच्या सोफ्यावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो.

"म्हणजे तुम्ही शाबूत आहात," मी म्हणालो.

"हो. मेलो."

मग त्यांनी बोटे मोजत हिशेब मला ऐकवला. लॉकडाऊनमध्ये घरात अडकले होते तेव्हा दुसरे काम नव्हते. चार महिन्यांत त्रेसष्टच्या त्रेसष्ट घड्याळे उघडली, धुतली आणि एकाच बाटलीतले तेल घातले. इतकी वर्षे ते दर वर्षी दहा-बारा घड्याळे उघडत, म्हणून काही थकलेली तर काही ताजी असत. त्या साली मोकळा वेळ मिळाला म्हणून सगळी एकदम केली, आणि आता पाच वर्षे भरली तशी सगळी एकदम सुकली.

"एका झटक्यात केलं, म्हणून एका झटक्यात आलं," ते म्हणाले. "तेव्हा हात हलत नव्हता. आता हलतो." त्यांनी हात पुढे धरून दाखवला. बोटे खरोखर थरथरत होती. मगाशी काचेवर इतकी नेमकी चाललेली तीच बोटे.

परतताना टॅक्सी केली. त्यांनी विरोध केला नाही. टॉवरची एक लिफ्ट बंद होती आणि दुसरीसमोर रांग होती.

दार मेघनाने उघडले. फळा अर्धा रिकामा होता. आमची वाट बघता बघता मायलेकींनी वरच्या तीन ओळी उतरवून लिफाफ्यांत घातल्या होत्या. मेघना बँकेतून लवकर आली होती. शेवंतीवहिनी हातात मोजमापाची टेप घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या. गुणाजींच्या चेहऱ्यावर दमणूक दिसली, तिचा वहिनींनी वेगळा अर्थ लावला असावा. त्या जवळ आल्या, ओठ नीट दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि बाईमाणसाच्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "जावंदे हो. खूप केलात तुम्ही त्यांचा. नाय ऐकू येत तर नाय."

"ऐकू येतं," गुणाजी म्हणाले. "घड्याळांचं तेल सुकलंय."

टेप सर्रकन आपल्या डबीत गेली. मेघना आईकडे बघून म्हणाली, "तरी मी म्हणत होते थांबूया." वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या, त्याच पलंगाच्या, ज्याच्याखाली ट्रंका आहेत.

गुणाजींनी हातपाय धुतले, खिडकीजवळ पाट ओढला आणि मनगटावरचे बाबुरावांचे घड्याळ सोडले. माझी पेन्सिल अजून त्यांच्या खिशात होती. ती लावून ऐकले आणि मान हलवली. मग झाकण उघडले. पहिला स्क्रू निघेपर्यंत स्क्रूड्रायव्हर तीनदा घसरला. ते थांबले, माझ्याकडे बघितले. मी चप्पल घालत होतो.

"सायेब, डिसेंबरनंतर तुमका काय काम आसा?"

मी म्हणालो की अजून ठरवले नाही.

"हात हलतो तुमचा?"

"नाही."

"मग बसा. हे धरा." त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. मी चप्पल काढली आणि त्यांच्यासमोर बसलो. आतला भाग मोहरीच्या दाण्याएवढ्या चाकांचा होता. त्यांनी बोटाने दाखवले ते मी उचलले, ते म्हणतील तिथे बशीत ठेवले. पाच मिनिटांत माझी मान भरून आली.

"अहो," पलंगावरून वहिनींनी विचारले, "मगे ह्या भिंतीचा काय?"

गुणाजी बाबुरावांच्या घड्याळात बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. वहिनींनी मग माझ्याकडे बघितले. मला ऐकू व्यवस्थित येते.

"आठवड्याला एक झालं तर त्रेसष्ट आठवडे लागतील, वहिनी," मी म्हणालो.